बाजाराचा नकाशा कोणी वाचावा?

बल्लारपूर सोडून वर्धा नदीचा पूल ओलांडला म्हणजे राजुऱ्याची हद्द लागते. पावसाळ्यात नदी फुगली की हा पूल पाण्याखाली जातो, आणि मग नदीच्या दोन्ही तीरांवरील माणसे पाणी ओसरण्याची वाट पाहत बसतात. हे गाव एके काळी निजामाच्या राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होते. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा ते प्रथम नांदेड जिल्ह्यास जोडले गेले व १९५९ मध्ये चांदा, म्हणजे हल्लीच्या चंद्रपूर, जिल्ह्यात आले. त्यामुळे येथील बाजारात उभे राहिले म्हणजे मराठी, तेलुगू व गोंडी या तिन्ही भाषा कानावर येतात. आणि भाव करताना तिन्ही भाषांचे लोक एकमेकांस अचूक समजतात!

या बाजाराविषयी आज दोन शब्द लिहावेत असे आम्हांस वाटते. कारण असे की, ‘पायी चालणाऱ्यांसाठी बाजार’ ही कल्पना आता मोठ्या शहरांतून लहान गावांकडे येऊ लागली आहे. जुना बाजाररस्ता नव्याने बांधावयाचा, दोन्ही बाजूंस रुंद पदपथ करावयाचे, दिवे, बाके व झाडे लावावयाची, दुकानांच्या दर्शनी भागास एकसारखेपणा आणावयाचा, असा तिचा थाट असतो. कल्पना उत्तम आहे. परंतु अशा कामाचा नकाशा मंजूर होण्यापूर्वी तो पाहतो कोण, आणि पाहिल्यावर त्याविषयी बोलतो कोण, हा प्रश्न कल्पनेइतकाच महत्त्वाचा असून त्याजकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही.

दोरीचा नकाशा

आमच्या मातोश्रींचे वय ७८ वर्षांचे. त्यांस बाजारात स्वतः जाऊन भाजी निवडण्याची हौस अद्याप आहे. एकदा त्यांच्याबरोबर राजुऱ्यास गेलो असता, वांगी विकणाऱ्या एका वृद्ध बाईशी त्यांचे बराच वेळ बोलणे झाले. बाई रस्त्याच्या कडेस पोत्यावर बसली होती. मागे दुकानाची पायरी, पुढे मोटारसायकली. मातोश्रींनी सहज विचारले, “बाई, हा रस्ता नवा करायचे ठरले, तर तुम्हांला कोणी विचारील का?” बाई हसली व म्हणाली, “आमाले कोन पुसते जी? नकाशा-बिकाशा आमाले काय समजते, माय! दोरी टाकली का आमी समजतो, आता उठा लागते.”

हे उत्तर आम्ही विसरलो नाही. सरकारी माणसे मोजणीची दोरी टाकतात तेव्हा काम ठरून गेलेले असते. म्हणजे ज्या क्षणी या बाईस नकाशा वाचता येऊ लागतो, त्या क्षणी तो बदलण्याची वेळ निघून गेलेली असते. आम्ही शिकलेली माणसे कागदावरचा नकाशा वाचू शकतो, परंतु तो वाचावयास जात नाही. ज्यांस जावेसे वाटते त्यांस तो वाचता येत नाही. या दोहोंच्या मध्ये गावचा बाजार कसाबसा बांधला जातो.

मंडईवरचा एक आक्षेप

बाजार बांधण्याविषयीचा वाद महाराष्ट्रास नवा नाही. पुण्यातील भाजीबाजार पूर्वी शनिवारवाड्यापुढील उघड्या पटांगणात भरत असे. तो एका छपराखाली आणावा असे तेथील म्युनिसिपालिटीने ठरविले, व सुमारे तीन लाख रुपये खर्चून एक भव्य इमारत उभी केली. १८८६ मध्ये ती खुली झाली आणि मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव तिला दिले गेले. मध्ये अष्टकोनी मनोरा आणि भोवती पसरलेल्या दालनांत उंच ओट्यांवर बसलेले भाजीवाले, अशी ही इमारत आजही पुणेकरांच्या नित्याच्या उपयोगात आहे.

ही योजना विचाराधीन असता म्युनिसिपालिटीच्या सभासदांपैकी एकाने तिला स्पष्ट विरोध केला होता. ते सभासद म्हणजे जोतीराव फुले. १८७६ पासून १८८२ पर्यंत ते म्युनिसिपालिटीत होते. इतका पैसा इमारतीवर घालण्याऐवजी तो गोरगरिबांच्या शिक्षणाकडे लावावा, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. हे बोलणे अज्ञानाचे होते असे कोणास म्हणता येणार नाही. जोतीराव स्वतः बांधकामाचे ठेके घेत. दगड, चुना व मजुरी यांचे भाव त्यांस ठाऊक होते. माळी कुळात जन्मलेल्या व शेतीमळा केलेल्या या गृहस्थास भाजी पिकविणाऱ्याची आणि विकणाऱ्याची अवस्थाही ठाऊक होती.

पुढे १९३८ मध्ये त्याच इमारतीस ‘महात्मा फुले मंडई’ हे नाव देण्यात आले! ज्याने खर्चास विरोध केला, त्याचेच नाव खर्चाच्या वास्तूवर कोरले गेले. यात विसंगती आहे खरी. परंतु आम्हांस त्यात एक बोधही दिसतो. मंडई उपयोगी ठरली, म्हणून आक्षेप चुकीचा होता असे नाही. आणि आक्षेप योग्य होता, म्हणून मंडई व्यर्थ होती असेही नाही. सार्वजनिक पैशाने काही बांधावयाचे तर ‘हे कोणासाठी, आणि याऐवजी दुसरे काय झाले असते?’ असे विचारणारा एक तरी माणूस सभेत असावा लागतो. आजच्या भाषेत ज्यास आराखड्याचे परीक्षण म्हणतात, त्याचा गाभा हाच होय. मनोऱ्याची उंची व कमानींची नक्षी हे प्रश्न त्यानंतरचे.

व्यापाऱ्यांची धास्ती

त्याच पुण्यात अलीकडे दुसरा एक प्रयोग झाला. महानगरपालिकेने २०१६ मध्ये पादचाऱ्यांसाठी धोरण ठरविले आणि जंगली महाराज रस्त्यासारखे काही रस्ते रुंद पदपथ देऊन नव्याने बांधले. ११ डिसेंबर २०२१ रोजी तर लक्ष्मी रस्त्याचा गजबजलेला भाग वाहनांस बंद करून ‘पादचारी दिन’ पाळला गेला. ज्या रस्त्यावर एरवी साडीच्या दुकानातून सोन्याच्या दुकानाकडे पलीकडे जाणे म्हणजे एक पराक्रम, तेथे त्या दिवशी माणसे रस्त्याच्या मध्यावरून मोकळेपणाने हिंडली.

अशा वेळी दुकानदारांची पहिली शंका ठरलेली असते: गाडी दाराशी आली नाही, तर गिऱ्हाईक येईल कसे? या शंकेची थट्टा करू नये. दुकानदाराचे भांडवल त्या रस्त्यावर गुंतलेले असते. नकाशा काढणाऱ्याचे तसे नसते. डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे १९६२ च्या नोव्हेंबरात ‘स्ट्रॉगेट’ नावाचा सुमारे एक किलोमीटर लांबीचा बाजाररस्ता गाड्यांस बंद केला, तेव्हा तेथील व्यापाऱ्यांनीही हीच ओरड केली होती. इतक्या थंड देशात लोक रस्त्यावर हिंडतील कशाला, असेही पुष्कळांचे म्हणणे होते. प्रथम तो केवळ प्रयोग होता; लोक येऊ लागले, व्यापार बसला नाही, तेव्हा १९६४ मध्ये तो कायम झाला. पुढे भोवतालचे रस्ते व चौकही एकेक करून त्यात आले. एकदम सारे बदलण्याची घाई त्या नगराने केली नाही, ही गोष्ट आम्हांस विशेष शिकण्यासारखी वाटते.

आपल्या देशातील मोठे उदाहरण दिल्लीच्या चांदणी चौकाचे. सतराव्या शतकात शहाजहानची कन्या जहानआरा हिने हा बाजार वसविला. लाल किल्ल्यापासून फत्तेपुरी मशिदीपर्यंतचा सुमारे १.३ किलोमीटरचा हा रस्ता नव्याने बांधून सप्टेंबर २०२१ मध्ये खुला करण्यात आला आणि सकाळी ९ पासून रात्री ९ पर्यंत मोटारींस तेथे बंदी करण्यात आली. पहिल्या दिवशीची छायाचित्रे पाहून डोळे निवाले. परंतु लवकरच मोडलेले खांब, उखडलेल्या फरशा, नियम मोडून शिरणारी वाहने यांविषयीच्या तक्रारी वर्तमानपत्रांतून येऊ लागल्या. तात्पर्य, रस्ता बांधणे हे लग्नासारखे असून तो राखणे हे संसारासारखे आहे. मांडव सर्वांस आवडतो. पुढच्या वीस वर्षांचा हिशेब कोणी मांडीत नाही.

पायी हिंडून नकाशा काढणारा

नकाशा कसा काढावा याचा एक चांगला धडा आपल्या विदर्भासही जवळून मिळालेला आहे. पॅट्रिक गेडिस या नावाचे एक स्कॉटिश पंडित १९१४ मध्ये हिंदुस्थानात आले. मूळचे ते वनस्पतिशास्त्रज्ञ. परंतु झाड जसे आपल्या मातीत वाढते, तसेच गावही वाढते, या विचाराने ते नगररचनेकडे वळले. येताना त्यांनी निरनिराळ्या शहरांच्या नकाशांचे व चित्रांचे मोठे प्रदर्शन जहाजाने धाडले होते. महायुद्ध सुरू झालेले होते. ‘एम्डेन’ या जर्मन युद्धनौकेने ते जहाज बुडविले आणि सारे नकाशे समुद्रतळी गेले! गेडिस डगमगले नाहीत. मित्रांच्या साहाय्याने नवे नकाशे जमवून १९१५ च्या आरंभी त्यांनी मद्रासेस प्रदर्शन भरविलेच. त्यांनी नागपूरच्या नगररचनेवरही अहवाल लिहिला. पुढे १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक ते झाले. विख्यात समाजशास्त्रज्ञ गोविंद सदाशिव घुर्ये हे त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी होत.

गेडिस यांची रीत साधी होती. कचेरीत बसून पट्टीने सरळ रेघ ओढणाऱ्या इंजिनिअरांचा त्यांस तिटकारा असे. ते गल्लीगल्लीतून स्वतः पायी हिंडत, विहीर कोठे, पार कोठे, बायका पाणी कोठून नेतात, मुले कोठे खेळतात हे पाहत, आणि मग सांगत की सारी पेठ पाडून रुंद सडक करण्याचे कारण नाही. येथील एक पडके घर काढा, तेथे एक झाड लावा, पलीकडचे गटार झाका, म्हणजे काम होईल. कसबी वैद्य ज्याप्रमाणे थोडक्या शस्त्रक्रियेने रोगी बरा करतो, त्याप्रमाणे हे होते. यात खर्च कमी आणि उठविली जाणारी माणसेही कमी.

इंदुरास असताना तर त्यांनी एक गमतीचा उपाय केला. दिवाळीच्या सुमारास मोठी मिरवणूक काढण्याचे ठरवून असे जाहीर केले की, ज्या वाटेवरील लोक आपली घरे व गल्ल्या अधिक स्वच्छ व दुरुस्त करतील, त्या वाटेने मिरवणूक जाईल. मग काय विचारता! साऱ्या पेठा कामास लागल्या. नगररचना ही लोकांकडून करवून घ्यावयाची गोष्ट आहे, हे या एका युक्तीवरून जितके कळते, तितके मोठ्या ग्रंथांवरूनही कळणार नाही.

राजुऱ्याचा रस्ता कसा तपासावा

आता असे धरून चालू की, उद्या राजुऱ्याच्या बाजाररस्त्याचा असा एक नकाशा भिंतीवर लागला. तो पाहण्यास आपण गेलो, तर विचारावे काय? आमच्या अल्प समजुतीप्रमाणे काही प्रश्न येथे मांडतो. त्यांस इंजिनिअरिंगच्या पदवीची गरज नाही. गृहिणीची नजर पुरेशी आहे.

पहिला प्रश्न जड वाहनांचा. राजुरा तालुक्यात सास्ती, गौरी, पवनी येथे कोळशाच्या खाणी आहेत. शेजारच्या कोरपना तालुक्यात गडचांदूर, आवारपूर, उपरवाही येथे सिमेंटचे मोठे कारखाने आहेत. या भागातील रस्त्यांवर मालमोटारींची रांग नित्याची. जो रस्ता या मालमोटारींसही जावयाचा आणि भाजी घेणाऱ्या आजीसही, त्याच्या कडेस कितीही शोभिवंत फरशी बसविली तरी आजीची भीती जाणार नाही. म्हणून जड वाहने कोणत्या वाटेने व कोणत्या वेळी जातील, हे नकाशात प्रथम पाहावे. त्याचे उत्तर नसेल, तर पुढची सर्व चित्रे ही भिंतीवर लावण्याची चित्रेच समजावीत.

दुसरा प्रश्न मापाचा. पदपथ किती रुंद, यापेक्षा मोकळा किती, हे विचारावे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक नियमांत चालण्यासाठी निदान १.८ मीटर, म्हणजे सुमारे सहा फूट, निर्वेध जागा सांगितली आहे. त्या सहा फुटांत विजेचा खांब, झाडाचे आळे, दुकानाची पायरी किंवा जाहिरातीचा फलक यांपैकी काहीही येता कामा नये. पदपथाची उंचीही रस्त्यापासून १५० मिलिमीटरहून, म्हणजे अर्ध्या फुटाहून, अधिक असू नये. हा नियम ऐकावयास क्षुल्लक वाटतो. एका मोठ्या शहरात नवा पदपथ चांगला गुडघ्याएवढा उंच बांधलेला आम्ही पाहिला. मातोश्रींस त्यावर चढता येईना. सबंध बाजार त्यांनी खालून, वाहनांच्या गर्दीतून केला, आणि वरचा पदपथ मोटारसायकली उभ्या करण्याच्या कामी आला होता! बांधणाऱ्यांनी पैसा थोडका घातला नव्हता. एका म्हाताऱ्या माणसास बरोबर घेऊन तो नकाशा पाहिला असता, तर तो सारा सत्कारणी लागला असता.

तिसरा प्रश्न उन्हाचा, आणि चंद्रपूर जिल्ह्यात हाच सर्वांत मोठा समजावा. येथे वैशाखात पारा ४५ अंशांच्या वर जातो. पुण्याच्या किंवा दिल्लीच्या रस्त्याचे चित्र पाहून येथेही गुळगुळीत ग्रॅनाइटची उघडी फरशी टाकली, तर दुपारी ती तव्यासारखी तापेल व रात्रीपर्यंत झळ सोडीत राहील. आपल्या पूर्वजांनी दुकानांपुढे ओसरी व पडवी ठेवली, ती हौसेने नव्हे. चालणाऱ्याच्या डोक्यावर सलग सावली कशी राहील, हे नकाशात विचारावे. कडुनिंब, करंज यांसारखी या मातीत रुजणारी झाडे किती, त्यांची आळी मोठी की वीतभर, आणि असलेले एखादे जुने झाड तोडावे तर लागत नाही ना, हेही पाहावे. शोभेचे खजूर कुंड्यांतून आणून ठेवले असता सावली मिळते ती फक्त कुंडीस.

चौथा प्रश्न जमिनीचा व पाण्याचा. वर्धेच्या खोऱ्यातील काळी कपाशीची माती पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर पुरेसा मुरूम-खडीचा थर न घालता सिमेंटचे ठोकळे बसविले, तर दोन पावसाळ्यांत ते खालीवर होतात आणि नवा रस्ता जुन्याहून अडखळता होतो. पाणी कोणत्या बाजूस वाहील, गटार झाकलेले आहे की नाही, आणि ते साफ करण्यासाठी झाकणे उघडता येतील ना, हे प्रश्न पावसाळ्यापूर्वी विचारलेले बरे.

पाचवा प्रश्न नित्याच्या व्यवहाराचा. किराणा दुकानात पोती कोठून व केव्हा उतरतील? खेड्यावरून एस. टी. ने आलेल्या माणसास बसथांब्यापासून बाजारापर्यंत किती चालावे लागेल? शेतकऱ्याची बैलबंडी कोठे सुटेल? सायकल कोठे ठेवावी? आणि विशेषतः, दिवसभर बाजारात बसणाऱ्या व खेड्यावरून येणाऱ्या स्त्रियांसाठी स्वच्छतागृह व पिण्याचे पाणी कोठे आहे? हा शेवटचा प्रश्न विचारण्यास आमच्या भगिनींनी संकोच करू नये. तो विचारला जात नाही म्हणूनच नकाशात त्याचे उत्तर नसते.

पोत्यावर बसणारांचा हक्क

आणि सहावा प्रश्न, त्या वांगीवाल्या बाईचा. नव्या नकाशातील चित्रांत बाकांवर बसलेली, हातात पिशव्या घेतलेली टापटीप माणसे असतात. रस्त्याच्या कडेस पोते टाकून बसलेले कोणी नसते. डोंगरभागातून मोहफुले, चारोळी, डिंक घेऊन येणारे गोंड व कोलाम, बांबूच्या टोपल्या आणणारे बुरड, पालेभाजीच्या जुड्या मांडणाऱ्या म्हाताऱ्या, हे सारे चित्रकाराच्या कुंचल्यातून गळून पडतात. आणि खरे पाहता, बाजारास बाजारपण येते ते यांच्यामुळेच. सारी दुकाने पक्की झाली की उरते ती केवळ दुकानांची रांग.

या बाबतीत कायदा त्यांच्या बाजूस आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसते. संसदेने २०१४ मध्ये पथविक्रेत्यांसाठी स्वतंत्र कायदा केला. त्याप्रमाणे प्रत्येक नगरात विक्रेत्यांसंबंधी एक समिती असावयाची असून तिच्या सभासदांपैकी निदान ४० टक्के हे विक्रेत्यांनी निवडून दिलेले, आणि त्यांतील एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. आधी विक्रेत्यांची गणना, मग जागांची योजना, असा क्रम आहे. आणि जो बाजार आपोआप वर्षानुवर्षे भरत आलेला आहे व गणनेत तसा नोंदला गेला आहे, तो भाग ‘विक्रीस मनाई’ म्हणून जाहीर करता येत नाही. तेव्हा नकाशा पाहताना विचारावे: विक्रेत्यांची गणना झाली आहे काय? समितीपुढे हा नकाशा गेला होता काय? बसणारांसाठी ओटे किंवा आखलेल्या जागा किती?

रस्त्याच्या एकट्या कामाविषयी मात्र एक अडचण आहे. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याप्रमाणे गावाची सबंध विकास योजना तयार होते, तेव्हा तिचा मसुदा प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती व सूचना मागविणे आणि त्यांची सुनावणी करणे बंधनकारक आहे. परंतु एखाद्या रस्त्याच्या सुशोभनाचे काम सभेतील ठराव व निविदा यांवर पार पडू शकते. दिल्लीत अशा गोष्टी पाहण्यासाठी १९७३ च्या कायद्याने नगरकला आयोग स्थापन झालेला आहे. मुंबईत पुरातन वास्तूंसाठी १९९५ पासून नियम व समिती आहे. अमेरिकेतील सिएटल नगरात १९९४ मध्ये तर वस्तीतील सामान्य नागरिक, व्यापारी व वास्तुविशारद यांची स्वयंसेवी मंडळे नेमून नव्या इमारतींचे नकाशे त्यांच्यापुढे उघड सभेत मांडण्याची पद्धत सुरू झाली. राजुऱ्यासारख्या नगरात असे आयोग नाहीत. मोठ्या शहरांप्रमाणे प्रभाग समित्याही येथे नसतात, कारण घटनेने त्या बंधनकारक केल्या आहेत त्या तीन लाख व त्याहून अधिक वस्तीच्या नगरांस. म्हणजे कायद्याने जेथे जागा रिकामी ठेवली आहे, ती नागरिकांच्या जागरूकतेनेच भरून निघावयाची.

आपल्याकडून काय व्हावे

आमच्या सूचना थोड्या व होण्याजोग्या आहेत. नगर परिषदेने असा कोणताही नकाशा निविदेपूर्वी बाजारातच, सर्वांस दिसेल अशा ठिकाणी, मराठीत व मोठ्या अक्षरांत लावावा. त्याहून उत्तम म्हणजे, एके दिवशी रस्त्यावरच चुन्याने नव्या पदपथाच्या रेषा आखाव्या व खांब, झाडे, ओटे यांच्या जागी दगड ठेवावे. मग ज्यास कागद वाचता येत नाही त्यासही नकाशा वाचता येईल, आणि दुकानदारासही आपली पायरी कोठे येते हे कळेल. यास खर्च चार पोती चुन्याचा. त्यानंतर काही दिवस वाहने ठराविक वेळ बंद ठेवून प्रयोग करून पाहावा. व्यापारास धक्का बसतो की बरकत येते, हे वादाने न ठरविता अनुभवाने ठरवावे.

शाळांनीही यात हात घालावा असे आम्हांस वाटते. वरच्या वर्गांतील मुलांनी एक तासभर बाजारात उभे राहून पायी किती माणसे आली, सायकलीवर किती, मोटारसायकलीवर किती, हे मोजले, तर गणिताचा एक चांगला पाठही होईल आणि गावास आपली खरी संख्या कळेल. ‘सारे गाडीवरच येतात’ असे आपण म्हणतो, ते पुष्कळदा आपण स्वतः गाडीवर येतो म्हणून!

आणि आमच्या वाचक कुटुंबांस विनंती अशी. आपल्या घरी लेखणी आहे, वाचता येते, कचेरीत जाऊन विचारण्याची भीड नाही. हे भांडवल आपण आपल्या घराच्या नकाशासाठी वापरतो. बाजाराच्या नकाशासाठीही वापरावे. नकाशा पाहावयास जाताना घरातील सर्वांत वृद्ध माणूस व सर्वांत लहान मूल बरोबर न्यावे. परतताना नेहमीच्या भाजीवालीपाशी दोन घटका थांबून, कागदावर तिची जागा कोठे दाखविली आहे, हे तिला सांगावे. आणि ती जागा नसेल, तर तिच्या नावाने एक अर्ज लिहून द्यावा. अर्जाच्या खाली तिचा अंगठा असेल व मजकूर आपल्या हातचा असेल, तर त्यात कमीपणा कोणासच नाही.

मातोश्री अद्याप त्या बाईकडूनच वांगी घेतात. मागच्या खेपेस त्यांनी तिला सांगून ठेवले आहे, “दोरी पडायच्या आधी आम्हांला निरोप धाडा.” बाईने मान डोलावली. निरोप आला, तर आम्ही जाऊ. परंतु खरे म्हणजे निरोपाची वाट पाहणे हेही उशिराचेच लक्षण होय. कचेरीचा रस्ता आम्हांस ठाऊक आहे, बाईस नाही. म्हणून पहिली खेप आमचीच व्हावयास हवी.